इंजिनाला वाहिलेलं फूल

मुलगी परवाही फोनवर म्हणाली, "आई, ती सायकल भंगारात देऊन टाक. जिन्याखाली गंजत पडली असेल." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. सायकल गंजलेली नाही. दर रविवारी मी ती पुसते. पण तसं सांगितलं तर ती का म्हणून विचारील, आणि ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून इथे वहीत लिहिते आहे.

आमचे हे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी रे रोडला लाकडाच्या वखारीत काम धरलं. करवतीच्या पात्यांना धार लावायची, पट्टे बदलायचे. लालबागहून सायकलनं जायचे. साठी उलटली आणि छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बसून काम करता ते करा, पण चढ चढायचा नाही. वखारीच्या वाटेवर पूल आहे. बसनं गेलं तरी बरंच चालावं लागतं. चार दिवस हे घरात बसले. पाचव्या दिवशी कुठूनसं एक खोकं बगलेत मारून आले.

"काय आणलंत?"

"डॉक्टरांनी लिहून दिलं नाही ते औषध," म्हणाले.

खोक्यात सायकलला लावायचं इंजिन होतं. दोन नारळांएवढं. सोबत छोटी टाकी, चेन, वायरी आणि पिशवीभर नटबोल्ट. माहितीचा कागद इंग्रजीत होता. यांनी तो माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "हा डब्याखाली अंथर. इंजिन काय वाचून बसवतात?"

तीन रविवार लागले. आमच्या खोलीसमोरच्या गॅलरीत सायकल उलटी करून ठेवायचे आणि मला बोलवायचे. यांची बोटं धार लावून लावून जाड झाली होती, बारीक नट हातात ठरत नसे. माझी बोटं मेथी निवडणारी. मागच्या चाकाच्या तारांवर दात्यांचं एक मोठं चक्र बसवायचं होतं, दोन्ही बाजूंनी रबर आणि नऊ बोल्ट. मी पहिलाच बोल्ट गच्च आवळला तर हातावर चापट मारली. "समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. भाकरी फिरवतेस ना, तसं. एका जागी दाबलंस तर चक्र वाकडं बसेल, चेन उडेल." एवढी वर्षं लग्नाला झाली, पण यांचं काम काय असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

हळूहळू मला बरंच कळायला लागलं. या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं. ते मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजायची. आणि प्लग बघायला शिकले. प्लग काढून हे माझ्यासमोर धरायचे.

"सांग."

"काळा."

"म्हणजे?"

"पेट्रोल जास्त, हवा कमी."

"पांढरा असला तर?"

"हवा जास्त."

"आणि बरोबर कधी?"

"चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा दिसला की."

"पास," म्हणायचे. मी चौथीनंतर पहिल्यांदाच कशाततरी पास होत होते.

शेजारच्या मावशी मालवणच्या. पहिल्या दिवशी इंजिन फटफटलं तशा बाहेर आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "गो, ह्या सायकलीक आता गवत पण घालतलंस काय?" पुढे यांना एका हवालदारानं अडवलं, ही सायकल की गाडी म्हणून. हे म्हणाले, "साहेब, चढाला गाडी, उताराला सायकल." तो हसला आणि सोडून दिलं. हे सांगताना यांना इतका आनंद व्हायचा की मावशींना दोनदा ऐकवलं.

सात-आठ महिने असे गेले. पुलावर पायडल मारावं लागत नव्हतं. छातीत दुखणं कमी होतं. मला तेवढंच हवं होतं.

मग खंडेनवमी आली. गिरणीत त्या दिवशी खात्याखात्यात मशीनची पूजा व्हायची आणि मशीन बंद राहायचं. गिरणी गेली तरी यांनी ते मोडलं नव्हतं. घरातले पाने, पकडी, कानस सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या वर्षी सायकलही पूजेला आली. आदल्या संध्याकाळी यांनी इंजिनाचा स्पंज धुतला. कार्बोरेटरच्या तोंडावर बसतो तो स्पंज, त्यातून गाळून हवा आत जाते. तो ओला होता म्हणून गॅलरीच्या दोरीवर वाळत होता. सकाळी हे अंघोळीला गेले आणि मी सायकल सजवायला घेतली. हँडलला हार घातला, टाकीला कुंकू लावलं. इंजिनाच्या बाजूला ते तोंड उघडंच होतं, बोटभर भोक. तसं उघडं मला बरं दिसेना. मी त्यात झेंडूचं एक फूल खोचलं.

दसऱ्याला सगळी फुलं मीच उतरवली. ते फूलही ओढून काढलं. वाळलेला स्पंज यांनी बसवला, आत न बघता. का बघतील? स्वतःच्या हातानं धुतलेला स्पंज होता.

दुसऱ्या दिवशी कामावर निघाले तर इंजिन चालू झालं, पण वेग दिला की घुसमटायचं आणि बंद पडायचं. प्लग काढला. काळा, ओला.

"पेट्रोल जास्त," मी म्हटलं.

"ते दिसतंय. पण का?"

बारीक तारेनं जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते भोक, साफ केला. पेट्रोल कमी यावं म्हणून आतली सुई एक खाच खाली घेतली. ऑइल जास्त पडलं असेल म्हणून टाकी रिकामी केली, मी नवीन मोजून दिलं. तेच. मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाले, "वखारीत व्हाइस आहे, सगळी हत्यारं आहेत. जेवणाच्या सुट्टीत बघतो." आणि सायकल घेऊन निघाले. बंद इंजिनाचं ते ओझं घेऊन पूल चढले. संध्याकाळी तसेच ढकलत परत आले. असं तीन दिवस. रोज सकाळी मी म्हणायची, सायकल ठेवून जा. रोज म्हणायचे, आज दोष सापडणार.

चौथ्या दिवशी अर्ध्या तासातच परत आले. सायकल भिंतीला टेकवली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मी वरून हाक मारली तर नुसता हात वर केला. मावशींनी टॅक्सी आणली.

हॉस्पिटलात दोन दिवसांनी जरा बरं वाटलं. डोळे मिटून पडलेले असायचे, मला वाटायचं झोपलेत. पण हे मनातल्या मनात ते इंजिन खोलत होते. अचानक म्हणाले, "अगं, हवाच जात नाहीये. पेट्रोल जास्त नाही, हवा कमी आहे. घरी गेलीस की स्पंज काढ आणि तोंडात बघ. काहीतरी अडकलंय."

मी घरी गेले. जिन्याखाली बसून दोन स्क्रू काढले, स्पंज काढला आणि केसांच्या पिनेनं आत चाचपलं. पाकळ्या निघाल्या. पेट्रोलनं भिजून काळपट झालेल्या, पण कडेला अजून पिवळ्या. पाच-सहा. मी तिथेच बसून राहिले. तीन दिवस हे पुलावर सायकल ढकलत होते ते मला दिसायला लागलं.

संध्याकाळी कॉटजवळ गेले तर हे वाटच बघत होते. उशीवरून डोकं उचललं. "मिळालं?"

मी म्हटलं, "काही नव्हतं."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. स्वच्छ आहे."

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या फुलानं तुम्हाला चढ चढायला लावला, हे तोंडातून निघेना, एवढंच. मला वाटलं, यात काय, यंत्राची तर गोष्ट. बरे झाले की सांगू, हसतील.

हे छताकडे बघत म्हणाले, "मग सील गेलं असेल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सील नाही. सील गेलं तर फटीतून जास्त हवा शिरेल, प्लग पांढरा होईल." त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेज भरवत होते, तेव्हा म्हणाले, "एवढंसं इंजिन. मला सापडत नाही. डोकं चालत नाही आता." तक्रार म्हणून नाही, माहिती द्यावी तसं म्हणाले.

त्या रात्री मी ठरवलं. पाकळ्या जपून ठेवल्या होत्या, त्या औषधाच्या कागदात बांधून सकाळी घेऊन गेले. यांना पहाटेच आतल्या खोलीत हलवलं होतं. तोंडावर मास्क, डोळे अर्धे उघडे. दोन मिनिटं आत सोडलं. एक सिस्टर नळी नीट करत होती, शेजारी एक डॉक्टर उभे होते. पुडी माझ्या मुठीत होती. परक्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासून. सिस्टर म्हणाली, "बोला ना काकू, ऐकू येतं त्यांना." मी यांच्या पायावरून हात फिरवला. मग त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

दुपारी हे गेले.

आयुष्यभर फिटर होते. शेवटचा दोष त्यांनी कॉटवर पडून, डोळे मिटून, बरोबर शोधला होता. आणि आपल्याला आता येत नाही असं समजून गेले. फूल मी नकळत खोचलं, ते देव माफ करील. दुसरं मी समजून केलं.

महिन्यानंतर एका दुपारी मी जेट साफ केला, सुई परत वरच्या खाचेत घेतली, पेट्रोलमध्ये झाकणानं मोजून ऑइल घातलं. चाळीच्या चौकात सायकल स्टँडवर उभी केली, पायडल हातानं फिरवलं आणि क्लच सोडला. तिसऱ्यांदा चालू झालं. वेग दिला, घुसमटलं नाही. वरून मावशी म्हणाल्या, "चालू झाली गो." मी मान हलवली. पाचेक मिनिटं तसंच चालू दिलं, मग बंद केलं आणि गार झाल्यावर प्लग काढला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा होता.

तो प्लग मी पुसला नाही. पाकळ्यांच्या पुडीशेजारी यांच्या नटबोल्टच्या डब्यात ठेवला आहे.