पाच नंबरचा अलार्म

माझी सध्याची पोस्टिंग विरार पूर्वेला आहे. डायलिसिस सेंटर, पहिला मजला, बेड नंबर चार. ड्यूटी मंगळवार, गुरुवार, शनिवार. रिपोर्टिंग सहा पन्नास, वजन सहा पंचावन्न, सुया सात पाच, सुटका अकरा दहा. रजा नाही, बदली नाही, रिलीव्हर यायचा नाही. चंदनसारहून मी सहा वीसला रिक्षा धरतो. चार वर्षांत एकदाही उशीर झालेला नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. सुनंदा, माझी बायको, म्हणते, "उशीर करून जाणार कुठे होतात?"

त्याआधी मी तोफखान्यात होतो. एकवीस वर्षं नोकरी, हवालदार म्हणून निवृत्त. सोसायटीत प्रजासत्ताक दिनाला मला माइक देतात. मी चार वाक्यं बोलतो आणि खाली बसतो. माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. ती शौर्याची नाही आणि झेंड्याखाली सांगण्यासारखी तर मुळीच नाही. ती माझ्या कानांची आहे.

वाळवंटातल्या रेंजवर सराव चालू होता. मी तेव्हा नाईक होतो, गन नंबर तीनवर. कानातले प्लग दोरीने गळ्यात लटकत होते, कारण ते घातले की ऑर्डर नीट ऐकू येत नसे. नियम ते घालायचा होता. आम्ही सगळे काढून ठेवायचो. त्या दिवशी सकाळी पहिल्या अर्ध्या तासात सोळा राउंड झाले. सतराव्याला मी चार्ज-बॅग, म्हणजे तोफेच्या दारूची पिशवी, घेऊन नको तिथे उभा होतो. "फायर!" ऐकलं, आणि त्यानंतर सगळं बंद. पाच मिनिटांनी आवाज परत आले, पण एकटे आले नाहीत. सोबत एक बारीक शिट्टी घेऊन आले. पूर्वी टीव्हीवरचे कार्यक्रम संपले की पट्ट्यापट्ट्यांचं चित्र यायचं आणि एक सूर वाजत राहायचा, तसा. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत थांबेल. तो अजून थांबलेला नाही. हे लिहितानाही वाजतो आहे.

दर वर्षी मेडिकल असायचं. कानांची तपासणी सोपी. डॉक्टर सहा मीटर मागे उभे राहतात, हळू आवाजात आकडा बोलतात, आपण तो परत म्हणायचा. नापास झालो तर कॅटेगरी खाली. कॅटेगरी खाली म्हणजे गनवरून उचलबांगडी, स्टोअरमध्ये चादरी मोजायच्या, आणि हवालदारकी विसरायची. माझ्या डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे गनवरच्या तुकडीत, बाबू शेलार होता. तो म्हणाला, "नाईकसाहेब, समोर लाइनीत मी उभा राहतो. तुम्ही फक्त माझ्याकडे बघा." डॉक्टर मागून आकडे बोलायचे. शेलार छातीवर हात बांधून बोटांनी दाखवायचा. मी खणखणीत आवाजात आकडा म्हणायचो. शेप वन, म्हणजे पूर्ण फिट! पुढची आठ वर्षं मी अशीच काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची. रेजिमेंटमध्ये माझ्यासारखे आणखी चार-पाच असतील. आम्ही एकमेकांना ओळखायचो, बोलायचो मात्र नाही.

खोटं एकदा अंगवळणी पडलं की ते सोडायचं कसं हे कोणी शिकवत नाही. घरीही मी तेच केलं. बाजारात, बँकेत, लग्नात, समोरचा काही बोलला की मान हलवायची. ओठ बघायचे, अंदाज घ्यायचा. 'काय म्हणालात?' हे दोन शब्द मी तोंडातून काढले नाहीत. सुनंदाला ठाऊक होतं, पण ती माझा मान राखायची. मग साखर आली, रक्तदाब आला, किडन्या गेल्या. शिट्टी वाढली, तर मोठ्या हॉस्पिटलातले किडनीचे डॉक्टर एका गोळीला दोष द्यायचे, कानाचे डॉक्टर दुसरीला. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासून कागद माझ्यासमोर ठेवला. "उंच सूर जवळजवळ गेलेत. शिट्टीला औषध नाही. सवय करून घ्या." मी म्हटलं, "सर, सवय आहे." कागद घडी करून फाइलच्या तळाशी ठेवला. डायलिसिस सेंटरला दाखवला नाही. किडनीचा दवाखाना, कानाचं काय घेऊन बसायचं!

बेड नंबर पाचवर तांडेल होते. हरिश्चंद्र तांडेल, राजोडीचे, वय त्रेसष्ट, चाळीस वर्षं होडीवर. मला फौजी म्हणायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "फौजी, माजा जलम पान्यात गेला. आता बायको दिवसाला तीन कप पानी देते. मोजून! देवाला पन हसू येत असंल."

"पाण्यात राहून माशाशी वैर केलंत, भोगा आता," मी म्हटलं.

ते इतके हसले की सिस्टर ओरडली, हात हलवू नका. मथुरा वहिनी, त्यांच्या बायको, खरंच पाणी मोजायच्या. स्टीलचा एक लहान पेला होता, त्यावर खिळ्याने खूण केलेली. तो पेला पिशवीतून सेंटरलाही यायचा.

आमच्या सेंटरला एक रीत आहे. नातेवाईक बाहेर बसतात. आत एक सिस्टर, एक टेक्निशियन, आठ बेड. कोणाचं मशीन वाजलं आणि सिस्टर लांब असली, की शेजाऱ्याने हाक द्यायची, "सिस्टर, अमुक नंबर!" हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. त्यात मी फौजी. वहिनी दर वेळी आत डोकावून सांगायच्या, "भाऊ, लक्ष असू द्या हां." मी म्हणायचो, "मी आहे ना."

खरी गोष्ट अशी, की मशीनचा अलार्म मला ऐकू येत नाही. तो सूर आणि माझ्या कानातला सूर एकच. माझ्या डोक्यात अलार्म चोवीस तास वाजतोच आहे, त्यात दुसरा कुठला कळणार? मशीनवर लाल दिवा लागतो, पण पाच नंबरचा दिवा माझ्या बेडवरून दिसत नव्हता, मधे सलाइनचा स्टँड यायचा. म्हणून मी माझी पद्धत काढली होती. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून मान उजवीकडे वळवायची, तांडेलांचा चेहरा बघायचा. सेंट्री ड्यूटीसारखं. सात दहा, सात वीस, सात तीस. अकरा महिने एकही वेळ चुकली नाही. मला ती पद्धत पुरेशी वाटली. ही माझी चूक.

तो गुरुवार होता. वहिनी सकाळी म्हणाल्या, "रात्री दम लागत होता त्यान्ला. झोपले नाय. जरा जास्त बघा, भाऊ."

"मी आहे ना," मी म्हटलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. सिस्टर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. 'सिस्टर, मला अलार्म ऐकू येत नाही, पाचवर लक्ष ठेवा,' एवढंच. एक वाक्य. मी पेपर उघडला.

नऊ तीसला मी बघितलं. तांडेल झोपले होते, तोंड उघडं, छाती वरखाली होत होती. साधारण त्याच वेळी एक नंबरची सुई सरकली आणि रक्त यायला लागलं. सिस्टर तिकडे धावली. टेक्निशियन मागे पाण्याच्या प्लांटच्या खोलीत होता. मी पेपरचं पान उलटलं. नऊ चाळीसला मान वळवली, आणि त्याच क्षणी समोरच्या दोन नंबरचे गुप्ताजी उठून बसलेले दिसले. झोपेतून जागे झाले होते. तोंड माझ्याकडे, हात पाचकडे.

"अरे सिस्टर, पाँच नंबर! कब से बज रहा है! फौजी, आप तो बाजू में हो!"

हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

तांडेलांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. घामाने उशी भिजली होती. मला उठता येईना, हातात दोन सुया, रक्त मशीनमध्ये. मी "सिस्टर! सिस्टर!" ओरडत राहिलो, ती पोचल्यावरसुद्धा. टेक्निशियनने तांडेलांचे पाय वर केले, सलाइन सोडलं, मशीन बंद केलं. नऊ पंचावन्नला स्ट्रेचर आलं. जाताना तांडेलांचे डोळे थोडे उघडे होते. त्यांनी मला बघितलं की नाही, सांगता येत नाही. माझं मशीन चालूच होतं. माझे अजून सव्वा तास बाकी होते आणि मी ते पूर्ण केले. दुसरं काय करणार? माझ्या आयुष्यात तेवढा लांब सव्वा तास दुसरा नाही.

टेक्निशियनने नंतर मशीनची नोंद वाचून दाखवली. प्रेशर पडलं, अलार्म सुरू, नऊ सदतीस. तीन मिनिटं. नऊ तीस आणि नऊ चाळीसच्या मधे, माझ्या पद्धतीत बसत नव्हती अशा जागी.

तांडेल हॉस्पिटलमध्ये दोन दिवस होते. शनिवारी दुपारी गेले. आमच्या डॉक्टरांनी मला समजावलं, "हार्ट आधीच कमजोर होतं. दोन-तीन मिनिटांनी फार फरक पडला नसता." चांगला माणूस आहे, मला बरं वाटावं म्हणून बोलला. पण 'फार' म्हणाला. घरी मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तरी का झाकत बसले?" त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

बाराव्यानंतर मी राजोडीला गेलो. सुनंदा येते म्हणाली, मी नको म्हटलं. स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेलो, तिथून रिक्षा. वहिनी अंगणात जाळ्याच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या, सुकट निवडत. मला बघून उठल्या, खुर्ची दिली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुमी शेजारी होते, भाऊ, म्हनून आमी निचिंत होतो. ते पन बोलायचे, फौजी हाय तर कसली भीती!"

तिथून उठून चालू लागावं असं वाटलं. पण मी सांगितलं. रेंज, शिट्टी, शेलारची बोटं, घड्याळाची पद्धत, तीन मिनिटं. फौजेत रिपोर्ट देतात तसं, क्रमाने. "वहिनी, मला अलार्म ऐकू येत नाही. मी कोणाला बोललो नाही. तुम्हालाही नाही."

त्यांचे हात थांबले. मग त्या उठल्या आणि पाठ फिरवून घराच्या दारापर्यंत गेल्या. दारात उभ्या राहून, माझ्याकडे न बघता, काहीतरी बोलल्या. एक वाक्य असेल, दोन असतील. समुद्रावरून वारा येत होता, कानात शिट्टी होती. ओठ दिसत नव्हते. आणि मी मान हलवली.

सवयीने. तिथेसुद्धा!

माझं मलाच इतकं वाईट वाटलं की मी उभा राहिलो. तीस वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो. "वहिनी, ऐकू आलं नाही. परत सांगा."

त्या वळल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, राग होता की नाही ते मला कळलं नाही.

"काय नाय," त्या म्हणाल्या. "बसा. चाय घ्या."

"परत सांगा ना."

"बसा, भाऊ."

त्यांनी चहा आणला तो खूण केलेल्या पेल्यात. खुणेपर्यंतच. "तुमचं पानी मला ठावं हाय," म्हणाल्या. मी चहा प्यायलो. त्या समोर बसून पुन्हा सुकट निवडू लागल्या. निघताना मी नमस्कार केला, त्यांनी केला. त्या काय बोलल्या होत्या, मला माफ केलं होतं की शाप दिला होता, ते मला कधीच कळणार नाही. दुसऱ्यांदा विचारायला जायची हिंमत माझ्यात नाही. समोर शेलार असता तर त्याने बोटांनी सांगितलं असतं.

पुढच्या मंगळवारी सहा पन्नासला मी कानाचा कागद सिस्टरच्या टेबलावर ठेवला. ती वाचून म्हणाली, "काका, आधी का नाही सांगितलं?" तिने माझा बेड फिरवून घेतला आणि स्टँड पलीकडे सरकवला. आता पाचचा दिवा मला सरळ दिसतो. तिथे एक निवृत्त शिक्षिका असतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, मी बहिरा आहे. पण दिवा बघतो." पेपर आता घरीच ठेवतो. सात पाच ते अकरा दहा मी दुसरीकडे बघत नाही. याने गेलेलं काही परत येत नाही, हे मला कळतं.

नऊ सदतीस झाले की शिट्टी वाढते. डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं. असेल. ती तीन मिनिटं मी मनातल्या मनात हजेरी घेतो, फौजेत गेलेल्या जवानांची घेतात तशी. हरिश्चंद्र तांडेल. राहणार राजोडी. बेड नंबर पाच. गुरुवार, नऊ सदतीस ते नऊ चाळीस. शेजारी मी होतो, आणि जागा होतो.