शेजारचा कागद

ते गृहस्थ पापनाशमहून बसने यायचे. तंजावूरच्या रायफल क्लबात दर रविवारी सकाळी माझ्या उजव्या हाताला उभे राहायचे. नाव मी कधी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. कमरेची वेष्टी लुंगीसारखी अर्धी दुमडून खोचायचे आणि प्रत्येक गोळीनंतर बंदूक खाली ठेवून कानाची पाळी चोळायचे.

पहिल्याच स्पर्धेत मी घोटाळा केला. माझी एक गोळी त्यांच्या निशाणाच्या कागदावर लागली. तिकडे दहाऐवजी अकरा भोकं! पंचांनी माझे गुण कापले. मला मान वर करवेना. ते मात्र तंजावूरच्या आमच्या मराठी घरांत बोलतात त्याच मराठीत हळूच म्हणाले, "असू दे सार. नेम चांगला होता, कागद तेवढा माझा."

पुढची सहा वर्षं ते पहिले, मी दुसरा. मला त्याचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

सातव्या वर्षी स्पर्धेच्याच सकाळी पापनाशमच्या एसटीडी बूथवरून त्यांच्या मुलाचा क्लबात फोन आला. अप्पा झोपेतच गेले होते.

स्पर्धा थांबली नाही. क्लबच्या शिपायाने सवयीने त्यांच्या जागीही कागद लावला होता. नऊ गोळ्या झाल्या तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे होतो. दहावी मी उजवीकडच्या त्या कोऱ्या कागदावर, नीट नेम धरून मारली.

"चुकून गेली का सार?" पंचांनी विचारलं.

मी हो म्हणालो, आणि नेहमीसारखा दुसरा आलो.