आमच्या गाड्याची न झालेली बारी

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या कोशा बैलाचा पुढचा गुडघा सुजला. हात लावला तर चांगलाच गरम लागत होता. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी भोसरीला एका कारखान्यात कामाला होतो आणि खास यात्रेतल्या शर्यतीत गाडा पळवायला रजा टाकून नारायणगावजवळच्या आमच्या वस्तीवर आलो होतो. मी वडिलांना म्हटलं, "आबा, याला नेऊ नका."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळूनच टाकलं. कारखान्यात साहेबाशी तावातावानं भांडणारा माणूस मी, पण ती मर्दुमकी घरात शिरताना चपलांबरोबर बाहेरच राहायची.

आबांचीही अडचण होती म्हणा. गाड्याला चार बैल लागतात. दोन आमचे आणि दोन अवसरी बुद्रुकचे, माझ्या बहिणीच्या सासऱ्यांचे. चौघांना दोन महिने एकत्र पळवलेलं, त्यामुळे ऐनवेळी दुसरा बैल जुंपून चालणार नव्हतं. सोयऱ्याला शब्द दिलेला. माघार घेतली तर "शेपूट घातलं" हे वर्षभर ऐकावं लागलं असतं, आणि बहिणीला तर जन्मभर.

दिवसभर आबा स्वतः मिठाच्या पाण्यानं गुडघा शेकत बसले. आंबेहळदीचा लेप झाला. दुसऱ्या दिवशी सूज थोडी उतरली, पण बैल पाय जपून टाकत होता. निघताना आबांनी गुडघ्यावर मूठभर भंडारा चोळला. देवाचं नाव घेतलं, पण खरं कारण सूज दिसू नये हे होतं. मला ते कळत होतं, आणि कळूनही मी वरून आणखी थोडा चोळला.

आमच्याकडचा घाट म्हणजे चढाची मोकळी धाव. एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याला किती सेकंद लागले ते मोजतात. ती त्याची बारी. आमची बारी दुपारची होती. ती जवळ आली तेवढ्यात पुण्याहून प्राणिमित्रांची टोळी आली.

नुसती पत्रकं वाटली असती तर त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण त्यांनी एक हातगाडी आणली होती. तिला दोन उघडी पोरं जुंपलेली, गळ्यात दोर, पाठीवर रक्तासारखा लाल रंग. वर फेटा बांधलेला एक जण आसूड घेऊन बसलेला. गावाला राग यावा म्हणूनच केलेला तो देखावा होता आणि राग आलाही असता, पण त्यांची एक चूक झाली. आमच्या भागात गाड्यावर माणूस बसतच नाही. मोकळा गाडा घेऊन बैल पळतात आणि पुढे घोडीस्वार असतो. निवेदक माईकवरून ओरडला, "पुण्याची जोडी आलीया, राव! पण गाड्यावर माणूस हाय. बाद!"

सगळा घाट हसला. रंग लावलेलं एक पोरगंही हसलं. मला मात्र हसू येईना, कारण पुढची बारी आमची होती.

घाटाच्या पायथ्याशी आम्ही जू समोर धरलं आणि बैल जवळ घेतले. एवढ्यात त्यांच्यातली एक चष्मेवाली बाई गर्दीतून पळत आली आणि आमच्या कोशाच्या जागी खाली वाकून तिनं स्वतःची मान जुवाखाली घातली. जू दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आधी मला पळवा," ती म्हणाली, "मग याला."

एकच गलका झाला. हवालदार दोन होते, पण बाईपोलीस एकही नव्हती. तिला हात लावणार कोण? बहिणीचे सासरे चिडले. "हिला बाजूला करा, आपली बारी चाल्लीय!"

"थांबा," आबा म्हणाले. मग सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईमाणसाच्या खांद्याला लागलेलं जू आमी बैलाच्या मानंवर ठेवीत न्हाई. आमच्या घरात ती रीत न्हाई. सोडा बैल."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. पेरणीच्या घाईत आईनं कितीदा तरी खांद्यावरून जू शेतात नेलं होतं. ही रीत आबांनी तिथं, त्या क्षणी काढली होती. पण एक म्हातारे पुढे होऊन गंभीरपणे म्हणाले, "बराबर हाय. लई जुनी रीत हाय ही. आमचा आज्जाबी पाळायचा." मग बहिणीच्या सासऱ्यांनीही मान डोलावली, आपण रीतीला कमी पडतोय असं कुणाला वाटायला नको म्हणून. निवेदक गरजला, "रीतीपायी बारी सोडणारा गाडामालक! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या आणि मला एकदम हायसं वाटलं. मी कोशाच्या पाठीवर हात टेकून उभा राहिलो.

पोलिसांनी त्या मंडळींना रस्त्याकडेला नेलं. गाडा थांबवला या आनंदात त्यांच्या घोषणा चालल्या होत्या. आम्ही टेंपोपाशी बैल बांधत होतो तेव्हा ती बाई आबांचे आभार मानायला एकटीच आली. आबांनी तिला तांब्याभर पाणी दिलं. पाणी पिऊन ती कोशाला कुरवाळायला वाकली आणि तिचा हात गुडघ्यावर थांबला. हात काढला तो भंडाऱ्यानं पिवळा झालेला. तिनं पुन्हा हात लावून सूज चाचपली.

तिचा कॅमेरावाला सोबती वीस पावलांवर उभा होता. तिनं नुसती हाक मारायची खोटी होती. एवढ्या टाळ्या मिळवलेली आमची अब्रू दुसऱ्या दिवशीच्या पेपरात धुळीला मिळाली असती.

"काका," तिनं हळूच विचारलं, "याला पळवणार होतात?"

आता आबा आणखी एखादी रीत काढणार असं मला वाटलं.

"व्हय," आबा म्हणाले. "तू आली नसतीस तर पळवला असता." त्यांनी तोंड फिरवलं.

तिकडून सोबत्यानं विचारलं, "काय गं, काय आहे तिथे?"

तिनं पिवळा हात ओढणीला पुसला.

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी प्यायला थांबले."