ओकखालचं टक्कल

परदेशात लेकीकडे गेले असताना ओटाहुहू नावाच्या उपनगरातल्या इंडियन दुकानातून कडुनिंबाच्या पावडरीचे दोन पुडे आणून मी जावयाच्या सगळ्यात चांगल्या ओकच्या झाडाच्या बुडाशी ओतले, हा माझ्या तरुणपणीचा मूर्खपणा. तरुणपणी म्हणजे साठीत. अक्कल यायला अजून अवकाश होता.

तिथल्याच अल्बनी गावाच्या पुढे लेक-जावयाची थोडी जमीन आहे. आठवडाभर जावई कॉम्प्युटरशी बोलतो, शनिवार-रविवार झाडांशी. ओक लावले ते ट्रफलसाठी. ट्रफल म्हणजे मुळांना धरून जमिनीखाली वाढणारी, काळ्या बटाट्यासारखी दिसणारी बुरशी. चुना घालघालून त्याने माती तयार केली होती. दर हिवाळ्यात वास काढणारा कुत्रा आणायचा आणि हात हलवत परत यायचा.

त्या वर्षी मी गेले, तर एका झाडाभोवतीचं गवत जळून टक्कल पडलेलं. मुळाला रोग, दुसरं काय! कुणाला विचारायचं कशाला? जन्मभर पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई मी. निलगिरीखाली गवत का उगत नाही, पानांतली द्रव्यं मातीत उतरून दुसऱ्याचं बी कसं रुजू देत नाहीत, यावर घंटा होईपर्यंत बोलायची. खरंखुरं टक्कल समोर आलं, तेव्हा मात्र बाईंचा तास ऑफ होता.

संध्याकाळी जावयाने वाकून माती हुंगली.

"आई, इथे काय घातलंत?"

"औषध. गवत मेलंय बघ ना सगळं."

"ते ट्रफलनेच मारलंय. स्वतःची द्रव्यं सोडून गवत हटवतो तो. ह्याच टकलाची इतकी वर्षं वाट बघत होतो मी."

"आणि कडुनिंब?"

"बुरशी मारतो."

ते मला माहीत होतं. परीक्षेत विचारायचे मी.

आम्ही दोघांनी मिळून वरची माती चमच्यांनी खरवडून काढली. बोलायचं काम मात्र दोघांच्या वाटचं मीच केलं.

पुढे शेजारच्या ओकलाही टक्कल पडलं. मी हात मागे बांधून लांबूनच बघायची. हिवाळ्यात कुत्रा माझ्या झाडाला वळसा घालून गेला आणि त्या शेजारच्या ओकखाली जाऊन बसला. जावयाने गुडघ्यावर बसून उकरलं, आणि निघाला की पहिला ट्रफल! पावसात भिजलेल्या पाचोळ्यावर कुणी लसणाची फोडणी ओतावी, तसा वास. मी तो तूप-मऊभातावर किसला. त्याची खरी जागा तीच, ह्यात मला तिळमात्र शंका नाही.

दुसऱ्यांदा भात घेताना जावई म्हणाला, "आई, तुमच्या झाडाखाली ट्रफल नाही मिळाला, पण खरं सांगतो, अख्ख्या उन्हाळ्यात तिथे एक डास फिरकला नाही!"