उपासाला चालणारं खोटं

मुलीला आम्ही सिस्टरांच्या शाळेत घातलं ते इंग्लिशसाठी. अंधेरीतल्या आमच्या बिल्डिंगमधली अर्धी पोरं त्याच कारणासाठी त्या गेटातून आत जातात, त्यामुळे लाज वाटायचं काही कारण नाही. चर्चच्या आवारात दुमजली शाळा, पुढे छोटंसं मैदान, व्हरांड्याच्या भिंतीवर हात पसरलेला येशू आणि त्याच्या पायाशी ओळीने ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या. पोरगी आता दुसरीत आहे. इंग्लिश येतंय हळूहळू. पण त्याच्याआधी घरात जे काय आलं, त्याची आम्ही ॲडमिशन घेताना चौकशी केली नव्हती.

पहिल्यांदा आलं थँक यू. शाळेत डबा उघडण्याआधी सगळी पोरं डोळे मिटून देवाला थँक यू म्हणतात, म्हणून घरीही सुरू. आधी देवाला, मग स्वयंपाक केला म्हणून आजीला, मग भांडी घासायला येणाऱ्या मावशींना, मग सिलिंडर वर आणून देणाऱ्या काकांना. तोवर आमटी गार. मग आलं सॉरी. तिथे सॉरी समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं असतं, आणि त्यातून टीचरलाही सूट नाही. एकदा टीचर भलत्याच मुलाला ओरडली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर ती त्याला सॉरी म्हणाली. मुलीने हे जेवताना सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. का बघत होती ते मला ठाऊक होतं, म्हणून मी पाणी आणायला उठलो.

पण सगळ्यात भारी प्रकार म्हणजे तिथे कोणी तपासत नाही. हरवलेल्या वस्तूंची टोपली दारातच उघडी असते, आपलं असेल ते घ्यायचं. गृहपाठ तू केलास की मम्मीने, असं टीचर नुसतं विचारते आणि पोरं खरं सांगून मोकळी होतात. हे ऐकून मला घाम फुटला, कारण मी पोट भरतो तेच मुळी लोक तपासायला येणार नाहीत ह्या भरवशावर.

मी लिफ्टच्या मेन्टेनन्स कंपनीत आहे, ऑफिस मरोळला. लिफ्ट दुरुस्त करणारे वेगळे, मी फोनवर बसतो. कुठल्यातरी सोसायटीची लिफ्ट बंद पडते, सेक्रेटरी फोन करतो, मी म्हणतो, "माणूस निघालाय." माणूस माझ्यासमोर चहात बिस्किट बुडवत असतो. पुन्हा फोन आला की "चकाल्याच्या सिग्नलला आहे." आणखी एकदा आला की "तुमच्या गेटपाशीच पार्किंग शोधतोय." ही सवय अशी अंगात मुरलीय की बायकोचा फोन आला तरी मी टॉवेलवर उभा राहून "खालीच आलोय" म्हणतो. आणि सुट्टीच्या दिवशी हे फोन घरीही येतात, तेव्हा माझी पोरगी शेजारी बसून सगळं ऐकते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "पप्पा, मी तुझं खोटं सोडलं."

"म्हणजे?"

तिने सांगितलं ते असं. ईस्टरच्या आधी त्यांचा उपासाचा काळ असतो, त्याला लेंट म्हणतात. आपला श्रावण समजा. टीचरने वर्गाच्या भिंतीवर खाकी कागदाचं एक बोडकं झाड लावलं होतं. प्रत्येक मुलाने घरातली एखादी गोष्ट ईस्टरपर्यंत सोडायची, ती हिरव्या कागदी पानावर लिहायची आणि पान झाडाला लावायचं. ईस्टरला टिकलेल्या प्रत्येक पानाशेजारी फूल येणार. मोडलं तर पान आपणच काढून झाडाखाली ठेवायचं. कोणी विचारणार नाही, कोणी ओरडणार नाही. बाकीच्यांनी चॉकलेट सोडलं, कार्टून सोडलं. माझ्या पोरीने मला सोडायला लावलं.

"अगं, पण मला विचारायचं ना आधी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास," ती म्हणाली, "आणि ते पण खोटं असतं."

बायको पदराआड हसली असती, पण ती पंजाबी ड्रेसमध्ये होती, त्यामुळे उघड हसली. आमची आई मूळची मालवणची, तिने हातातली पोळी खाली ठेवली. "खोटा सोडलंस तर तुका पगार कोण देतलो रे?"

आता उपास हा विषय आमच्या घरात नवा नाही. आई वर्षभर कुठला ना कुठला करत असते, आणि तिचे उपास मी लहानपणापासून मन लावून खात आलोय. उपासाला कांदा चालत नाही पण बटाटा चालतो, भात चालत नाही पण वरी चालते, साबुदाण्याच्या वड्याला तर मोजमापच नाही. त्यामुळे मी लगेच कामाला लागलो. "बरं, सोडलं. पण उपासाला चालणारं खोटं असतंच ना? म्हणजे बघ, मामीच्या मुलाने गाणं म्हटलं की छान म्हणायचं. साहेबांना केस कापल्यावर तरुण दिसता म्हणायचं. हे बटाट्यासारखं झालं."

"आणि शेजारीण साखर मागूक इली तर संपली म्हणान सांगूचा," आई म्हणाली. "ता पण चलता."

"आणि माणूस निघालाय?" बायकोने विचारलं.

"तो साबुदाणा," मी म्हटलं.

पोरीने सगळं नीट ऐकून घेतलं. "मी टीचरला विचारते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली. "टीचरने विचारलं, तुझे पप्पा वकील आहेत का?"

तर असा माझा कडक उपास सुरू झाला. पहिल्याच दिवशी एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. मी छातीवर दगड ठेवून म्हटलं, "साहेब, माणूस इथेच आहे. जेवतोय. तासाभराने निघेल." मग ते म्हणाले, "तुमची तब्येत बरी आहे ना?" मी खरं खरं सांगितलं की मुलीने उपास धरायला लावलाय. तर ते वैतागले. "अहो, चौथ्या मजल्यावरच्या बाई माझ्या डोक्यावर बसल्यात. तुम्ही माणूस निघालाय म्हणालात की मी त्यांना तेच सांगतो, त्या शांत होतात. आता मी काय सांगू, जेवतोय?" तोवर मला कल्पनाच नव्हती की माझं खोटं एवढ्या लोकांना पुरतं.

तरी मी टिकलो. रोज संध्याकाळी पोरगी विचारायची, "पान आहे ना?" आणि मी "आहे" म्हणायचो. ती उड्या मारत नसे, नुसती मान हलवायची. पण झोपताना माझ्या आईला सांगायची, "आजी, आपल्या पानाला फूल येणार." ते 'आपल्या' ऐकलं की मी दुसऱ्या दिवशी आणखी एका सेक्रेटरीच्या शिव्या खायला तयार व्हायचो.

मग घोटाळा झाला तो स्पेलिंगचा. त्या आठवड्यात त्यांना माइस, राइस, नाइस अशी शब्दांची रांग शिकवली होती. खोटं म्हणजे लाइज. पोरीला ते स्पेलिंग येत नव्हतं, तिने रांगेतलाच शब्द ठोकून दिला, लाइस. पानावर झालं, 'पप्पाज लाइस'. म्हणजे पप्पांच्या उवा. तिथे कोणी तपासत नाही, त्यामुळे टीचरने पान न वाचताच झाडाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि शाळेतल्या समस्त आयांना कळलं की अमकीचे वडील ह्या वर्षी उवा सोडणार आहेत.

एकीने बायकोला गुपचूप शाम्पूचं नाव पाठवलं. मी मुलीला सोडायला गेलो तर गेटवर दोन आयांनी आपापली पोरं हलकेच पलीकडे ओढली. बायको म्हणाली, "आज शाळा सुटताना जा आणि ते स्पेलिंग दुरुस्त करून ये. वाट लागलीय माझी ग्रुपवर."

गेलो. वर्गाबाहेर चार-पाच पालक उभे होते. पोरगी दप्तर पाठीला लावून माझ्या शेजारी आली. मी झाडाकडे पेन उघडून जातोय तोच हेडमिस्ट्रेस सिस्टर आत आल्या. साठीच्या, वसईच्या, मराठी माझ्याहून स्वच्छ. त्यांनी चष्मा वर सरकवून पान वाचलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"हे उवा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "उवाच म्हणायचंय ना तिला, की दुसरं काही?"

मागचे पालक पुढे सरकले. आता खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं, 'नाही सिस्टर, खोटं. मी खोटं बोलतो.' पण माझ्या डोक्यात विलक्षण वेगाने हिशेब झाला. उवा कोणालाही होतात, उवा हा अपघात आहे. खोटं हे चारित्र्य आहे. आणि शर्टावर तर कंपनीचं नाव छापलेलं.

"उवाच, सिस्टर," मी म्हणालो.

"मग लाजताय काय?" त्या म्हणाल्या. "डोक्यावर हे कापड असून मलाही झाल्या होत्या. लहान मुलांत राहायचं तर एवढं चालायचंच. कडुलिंबाचं तेल लावा, बारीक कंगवा फिरवा."

मी मान डोलावत होतो तेवढ्यात मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. पोरीने स्टूल झाडापाशी नेलं, वर चढली, नखाने टेप सोडवून आपलं पान काढलं आणि खाली उतरून झाडाच्या बुंध्याशी ठेवलं. रडली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दप्तराचा पट्टा नीट केला आणि दारात जाऊन उभी राहिली. सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीही विचारलं नाही. ती शाळाच तशी.

रिक्षात मी म्हटलं, "तू सिस्टरना सांगितलं का नाहीस?"

"मग तुला सगळ्यांसमोर कसंतरी झालं असतं ना," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "फूल पिवळं होतं. टीचरने करून ठेवलंय."

रात्री जेवताना तिने थँक यूची सगळी यादी म्हटली. माझं नाव त्यात होतं. ते नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीही गेटवर न थांबता आत गेलो. सिस्टर रोज सकाळी पायरीवर उभ्या राहून प्रत्येक मुलाला नावाने गुड मॉर्निंग म्हणतात. मी मुलांच्या रांगेतच उभा राहिलो, कारण शेजारून घुसायला धीर झाला नाही. माझा नंबर आला तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे, सात-आठ वर्षांची माणसं कशी करतात कोण जाणे.

"सॉरी सिस्टर. उवा नाहीत. खोटं आहे. म्हणजे सोडलं होतं ते खोटं."

"कालच कळलं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"उवा झालेला माणूस एवढा वेळ न खाजवता उभा राहत नाही."

मागे रांगेतलं कोणीतरी खुदकन हसलं. मी विचारलं, "मग सिस्टर, ते पान परत लावता येतं का?"

"येतं की. सगळ्यांचं येतं, त्यासाठीच तर खाली ठेवतात, कचऱ्यात नाही टाकत. पण मला काय विचारता? पान तिचं आहे."

पोरगी माझ्यापुढेच उभी होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "पप्पा, परत बोलशील खोटं?"

'नाही' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. छान, गोड, साबुदाण्याच्या वड्यासारखा. पण आज मला कडक उपास होता.

"बहुतेक बोलेन," मी म्हणालो. "पण बोललो की तुला सांगेन."

तिने विचार केला. मागे रांग खोळंबली होती, पण सिस्टर घाई करत नव्हत्या. "हे खरं बोललास," ती म्हणाली, आणि वर्गाकडे चालू लागली. मी दारातून बघितलं. तिने स्टूल ओढलं, बुंध्यापासचं पान उचललं आणि पुन्हा झाडाला लावलं. आधीच्यापेक्षा खालच्या फांदीवर, स्टूलवरून सहज हात पोचेल असं. माझ्याबद्दलचा तिचा अंदाज पक्का आहे.

गेटबाहेर येतोय तोच बायकोचा फोन. "झालं का दुरुस्त?"

मी खिसा चाचपला. पेन खिशातच होतं. पानावर अजून उवाच होत्या.

"नाही," मी म्हणालो. "विसरलो. आणि आता शाळेत परत जायची माझी हिंमत नाही."

"मी ग्रुपवर काय सांगू मग?"

"सांग, माणूस निघालाय," मी म्हटलं, आणि ती काही बोलायच्या आत म्हणालो, "नको, राहू दे. उवाच आहेत असं समजू देत."

संध्याकाळी पोरीला हेही सांगितलं, की ग्रुपवर उवा तशाच राहू दिल्यात. तिच्या मते हे नवं खोटं धरायचं की जुन्यातलं उरलेलं, ते टीचरला विचारावं लागेल.