ग्रुपमधून काढलेले काका रोवणीले हजर

मंडळी, कामठ्यातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी. शेजारचे शामरावकाका रोज त्याच बैलजोडीचे वीस फोटो टाकतात, म्हणून परवा वैतागून त्यांना काढूनच टाकलं.

काल आमच्या धानाच्या रोवणीचं बोलावणं मी ग्रुपवरच टाकलं. काकांच्या घरी जाऊन सांगायचं राहूनच गेलं.

आज सकाळी शेतावर पाहतो तर धानाच्या बांधीत सगळ्यांच्या आधी काकाच! मी शरमून म्हटलं, "काका, तुमाले तं सांगतलंच नाही."

"तुह्या बापाच्या बांधीत याले मले मेसेज लागते का बे?"

दुपारी चिखलाच्या हातानंच त्यांना परत घेतलं. लगेच त्यांचा फोटो आला. बैल नव्हते, वाकून धान रोवणारा मी होतो. खाली लिहिलं होतं, "आमचा तिसरा बैल."

सांगा, यांना आता कोण काढणार?