पट्टा न पडणारं काम

वाल्मिकच्या घरात दोनच करिअर होती: ऊस तोडणे आणि तोडलेला ऊस ट्रॉलीत भरणे. थंडी पडायच्या सुमाराला पाथर्डीकडचं त्यांचं निम्मं गाव मुकादमाच्या टोळीत साखर कारखान्याला जायचं, त्यात याचे आईबापही. वाल्मिकने मात्र ठरवलं होतं, हातात धरीन तर माऊसच.

बीसीए करून तो नागापूरला खोली घेऊन राहिला. एमआयडीसीत पॅकिंगचं काम करायचा आणि उरल्या वेळात डिजिटल क्षेत्र धुंडाळायचा. वेब डिझाईन झालं, डिजिटल मार्केटिंग झालं, ॲप बनवणं झालं. प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र त्याने भिंतीला चिकटवलं.

"आता भिंतीलाच नोकरी लागंल," खोलीतला जोडीदार रॉबिन म्हणायचा.

अशात गावचाच मच्छिंद्र, मुकादमाचा भाचा, परदेशातून परतला आणि खोलीवर आला. पायात पांढरेशुभ्र बूट. फोन वाजला की मात्र साहेब समोर असल्यासारखा ताडकन उभा राहायचा.

"काम लई सोपं," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर लोकांशी गोड बोलायचं. राहणं-जेवण कंपनीचं. फक्त दोघांची जोडी लागते, आन पासपोर्ट माझ्याकडं ऱ्हाईल."

"तुझ्याकडं कशाला रे?" रॉबिनने विचारलं. "आन कंपनीचं नाव काय?"

"तिकडं गेल्यावर कळंल."

"मग मी हिकडंच बरा."

दुसऱ्या एखाद्या घरचा पोरगा त्या पासपोर्टाच्या बोलण्यावरच उठून गेला असता. वाल्मिकला उलट हायसं वाटलं. लहानपणापासून त्याने हेच पाहिलं होतं: जोडीने जायचं, कागद मुकादमाकडं द्यायचे, गाडीही तोच पाठवतो. आणि सगळे परत येतात. जबाबदार माणसाची हीच तर खूण!

मच्छिंद्र फोन घेऊन दाराबाहेर गेला. "एकच हाय सर... न्हाई सर, न्हाई... दुसरा आणतो." आत आला तेव्हा कपाळावर घाम होता. वाल्मिकला वाटलं, पत्र्याची खोली, उकडत असेल.

वाल्मिक निरोप घ्यायला घरी आला होता. निघायच्या दिवशी जीप गावात आली. वाल्मिक मागं बसला. बनुबाई, त्याची आई, भाकरीचं गाठोडं घेऊन दाराशी आली. स्वतः इतक्या वेळा अशा गाडीत बसलेली बाई. तिने नेहमीचंच विचारलं.

"पट्टा कधी पडतो तिकडं?"

पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला, टोळी घरी.

मच्छिंद्रला हसायचं होतं, पण जमलं नाही. "मावशी, तिथं पट्टा पडत न्हाई. बाराही महिने चालू."

"मग मानसं परत कशी येत्यात?"

"मी आलो न्हाई का?"

"तू आलास," बनुबाई त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली. "पर तुला कशाला धाडलं त्यांनी?"

मच्छिंद्रने दार ओढून घेतलं. जीप हलली.

"मोबाईल दे. तिकडचं कार्ड टाकायचंय."

वाल्मिकने दिला. टोळीत मुकादमाचं ऐकायचं असतं.

मागं धुरळ्यात बनुबाई धावत होती, काहीतरी ओरडत होती. गाठोडं तिच्या हातातच राहिलं होतं. वाल्मिकने काच खाली केली, हात हलवला आणि हसत ओरडला, "ऱ्हाऊ दे गं आई! तिकडं जेवण कंपनीचं हाय!"